सत्तरी तालुक्यातून अंटार्क्टिकाला जायचं आहे

ताई,

माझं वय 25. गोव्यात सत्तरी तालुक्यात वाळपईच्या पुढे आमचा गाव. केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाले. गेली तीन वर्षं एका औषध कंपनीत क्यूसीमध्ये, म्हणजे दर्जा तपासणीत, कंत्राटावर आहे. औषधातला एकेक घटक वेगळा करून मोजणारं एचपीएलसी नावाचं यंत्र तिथे आहे. दिवसभर एचपीएलसीवर सॅम्पल चालवते, एवढंच काम. बाबांचा टिपर होता, खाणीवरचं खनिज वाहून नेणारा ट्रक. खाणी बंद झाल्या तेव्हा हप्ते थकले, मध्ये थोडे दिवस बरे गेले, 2018 ला परत बंद. शेवटी टिपर विकला. आता बाबा दुसऱ्याच्या गाडीवर बदली ड्रायव्हर म्हणून जातात. आईला संधिवात आहे, भाऊ बारावीत आहे. माझ्या पगारातले बहुतेक पैसे घरी जातात.

आठवीत असताना शाळेने आम्हांला वास्कोला ध्रुवीय संशोधन केंद्र दाखवायला नेलं होतं. तिथे अंटार्क्टिकाहून आणलेल्या बर्फाबद्दल ऐकलं आणि तेव्हापासून मनात एकच आहे. तिथे जायचं, त्या बर्फाच्या केमिस्ट्रीवर काम करायचं. आजवर एका मैत्रिणीला सांगितलं, तर ती म्हणाली, आधी पणजीत नीट नोकरी तर मिळव. मामा माझ्यासाठी एलडीसीच्या, म्हणजे सरकारी कारकुनाच्या, जागेचं कोणाशी तरी बोलून आले आहेत. आई म्हणते, "आमकां तें जमचें ना." बाबा काहीच बोलत नाहीत. त्यात आता दोन स्थळं आली आहेत. म्हणून मी ठरवलं की आपलं ध्येय म्हणजे कंपनीत पर्मनंट होणं. वहीत तसं लिहिलं आणि रडू आलं. ध्येय परिस्थिती बघून ठरवावं की मनाला विचारून? खरं सांगा.

एक वाचक, सत्तरी

प्रिय बाय,

खरं सांगा म्हणालीस, म्हणून उत्तर आधीच देते. ध्येय मनालाच विचारून ठरव. परिस्थितीला विचारायचं ते एवढंच की सुरुवात कुठून करायची, पैसे किती बाजूला पडतील, यंदा जमेल की पुढच्या वर्षी. तुझ्या पत्रात हे दोन्ही प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत, आणि मला वाटतं घरातही तेच झालं आहे. 'आमकां तें जमचें ना' असं आई म्हणते तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर अंटार्क्टिका नसतंच. या महिन्याचा किराणा असतो, भावाची फी असते, तुझं लग्न असतं. त्या हिशेबात तिचं काही चुकत नाही. पण या महिन्याच्या हिशेबावरून तुझ्या पुढच्या पंधरा वर्षांचा निकाल लावला जातो, तिथे मात्र चुकतं.

डिचोलीच्या बाजूला मी बरीच वर्षं शाळेत शिकवलं. 'मी कोण होणार' हा निबंध पाचवीला घातला की वह्यांमध्ये वैमानिक, शास्त्रज्ञ, क्रिकेटर, दशावतारी नट, सगळे असायचे. तीच मुलं दहावीत आली की यादी आटून जायची: सरकारी नोकरी, नाहीतर टिपर. खाणी जोरात होत्या तेव्हा स्वतःचा टिपर घेणं हे आमच्या भागात खरोखर मोठं ध्येय होतं, त्याला मी कमी लेखत नाही. 2012 नंतर टिपरही यादीतून गेला आणि सरकारी नोकरी तेवढी उरली. त्या मुलांची अक्कल पाच वर्षांत कमी झाली नव्हती. घरात रोज जे कानावर पडतं, त्याप्रमाणे त्यांनी आपली मागणी आपणच कमी करून घेतली होती. तसं करा म्हणून कोणी त्यांना बजावलंही नव्हतं. म्हणूनच ते कोणाच्या लक्षात येत नाही, ज्याचं त्यालाही नाही.

तू वहीत लिहिलंस ते मला त्यातलंच वाटतं. पर्मनंट नोकरी जरूर मिळव, तिने हप्त्याची, औषधांची काळजी मिटते. पण ती तुझ्या वाटेवरची सोय आहे. तिला तू ध्येयाच्या जागी नेऊन बसवलंस. मनात दुसरं काही नसतं तर तेवढ्यावर समाधान झालंही असतं.

आता बाबांविषयी, कारण तुझ्या पत्रात सगळ्यांत जास्त मला तेच दिसले. ते गप्प का, हे त्यांच्या जागी उभं राहून बघ. सप्टेंबर 2012 मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने. एप्रिल 2014 मध्ये बंदी उठली, वर्षाला 2 कोटी टनांची मर्यादा घालून. गाड्या परत रस्त्यावर आल्या, लोकांनी टायर बदलले, थकलेले हप्ते भरायला सुरुवात केली. मग 7 फेब्रुवारी 2018 चा निकाल आला: खाणींच्या 88 लीज रद्द, मार्चच्या मध्यापासून काम बंद. कर्ज काढून टिपर घेतलेल्या माणसाला या तारखा पाठ असतात. त्याने एकदा मोठा विचार केला आणि दोनदा तोंडावर आपटला. आता मुलगी काही मोठं मनात धरते म्हटल्यावर त्याच्या पोटात गोळा येणारच. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे त्यांनी पुस्तकात वाचलेलं नाही, हप्ते फेडून शिकले आहेत.

पण त्यांचा बेत मोठा होता म्हणून बुडाला का? मला तसं वाटत नाही. तो सगळाच्या सगळा दुसऱ्याच्या लीजवर उभा होता. खाण दुसऱ्याची, खनिज दुसऱ्याचं, बोट कधी भरणार ते दुसरा ठरवणार. बाबांच्या हातात स्टिअरिंग आणि हप्ता. टिपरऐवजी त्यांनी लहानसा टेंपो घेतला असता आणि तोही खाणीवरच लावला असता, तरी तो तसाच दारात उभा राहिला असता. म्हणून ध्येय तपासायचं असेल तेव्हा ते किती मोठं आहे हे बघू नकोस. त्यातलं किती तुझ्या स्वतःच्या अंगात साठत जाणार आहे, ते बघ. तुझ्या हाताला बसलेलं काम आणि तुझ्या नावावरची पदवी कोणाच्या आदेशाने बंद होत नाही.

या मापाने तुझंच ध्येय बघू. 'अंटार्क्टिकाला जायचं' यात निवड समिती आली, त्या वर्षी कोणते प्रकल्प मंजूर आहेत ते आलं, दिल्लीच्या एम्समधली वैद्यकीय तपासणी आली. यातलं फारसं काही तुझ्या हातात नाही. 'ध्रुवीय बर्फाच्या रसायनशास्त्राची अभ्यासक व्हायचं' हे मात्र बरंचसं तुझ्या हातातलं आहे. वहीत हे दुसरं लिही. पहिलं त्याच्या पोटात येतं. एखाद्या वर्षी निवड हुकली, तीनदा हुकली, तरी तोवर तू जे झालेली असशील ते कुठे जाणार नाही. मी ध्येय कमी करायला सांगत नाही, हे लक्षात घे. दुसरं पहिल्यापेक्षा अवघडच आहे, त्याला वर्षंही जास्त लागतील.

आणि अंटार्क्टिका लांब आहे असं जे सगळे म्हणतात, त्याबद्दल थोडं सांगते. नकाशावरचं अंतर सोड, या कामाच्या बाबतीत गोव्याइतकं त्याच्या जवळचं ठिकाण भारतात दुसरं नाही. भारताची पहिली मोहीम 6 डिसेंबर 1981 रोजी गोव्यातूनच निघाली आणि 9 जानेवारी 1982 रोजी तिथे पोचली. 21 जणांची तुकडी होती. नेते होते डॉ. सय्यद झहूर कासिम, जे त्याआधी दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे संचालक होते. आज मैत्री आणि भारती हे अंटार्क्टिकातले आपले दोन्ही तळ आणि उत्तर ध्रुवाकडचा हिमाद्री, सगळ्यांचा कारभार वास्कोच्या सड्यावरून चालतो, तू आठवीत पाहिलेल्या त्याच आवारातून. देशभरच्या संशोधकांना ज्या दाराशी यावं लागतं, तिथे तू सकाळची कदंब बस पकडून संध्याकाळी घरी परत येऊ शकतेस. मैत्रीण म्हणाली आधी पणजी. तिला सांग, वाटेत पणजी लागतेच.

बायकांचं म्हणशील तर 1983 च्या तिसऱ्या मोहिमेत दोघी होत्या, सुदीप्ता सेनगुप्ता आणि अदिती पंत. भारताच्या मोहिमेतून अंटार्क्टिकावर गेलेल्या त्या पहिल्या स्त्रिया. अदिती पंत नागपूरच्या. पुणे विद्यापीठातून बी.एस्सी., मग शिष्यवृत्ती मिळाल्यावर हवाई विद्यापीठ, पुढे लंडनला पीएच.डी., आणि मग काम आपल्या दोनापावलला. म्हणजे त्यांचीही सुरुवात बी.एस्सी.पासूनच, तू आज जिथे आहेस तिथून. आणि पंचविशीत उशीर झाला असं कोणी तुला म्हणालं, तर इस्रोच्या मंगला मणी यांचं नाव सांग. वयाच्या 56 व्या वर्षी त्या भारती तळावर वर्षाहून जास्त राहून आल्या. त्याआधी त्यांनी बर्फ पडताना कधी पाहिलाही नव्हता.

बाबांना आणखी एक गोष्ट आवर्जून सांग. त्या तुकड्यांत नुसते शास्त्रज्ञ नसतात. डॉक्टर असतात, स्वयंपाकी असतात, वेल्डर असतात, जनरेटर सांभाळणारे, गाड्यांचे मेकॅनिक, क्रेन आणि अवजड यंत्रं चालवणारे असतात. दोन महिन्यांच्या रात्रीत बाहेर वादळ चालू असताना जनरेटर बंद पडला तर शास्त्रज्ञाचं काही चालत नाही. ज्याने मोठ्या गाडीच्या इंजिनात हात घातला आहे त्याला हे लगेच कळेल, आणि तुझं अंटार्क्टिका त्याला परकं वाटणार नाही.

आता तुझ्या पत्रातल्या एका ओळीवर मी थोडी थांबणार आहे. 'दिवसभर एचपीएलसीवर सॅम्पल चालवते, एवढंच काम.' ही ओळ तू ओशाळून लिहिलीस. मी ती वाचून ताठ बसले. तू सकाळी मोबाइल फेज, म्हणजे नमुना यंत्रातून वाहून नेणारं द्रावण, गाळतेस, त्यातली हवा काढतेस, बेसलाइन सरळ होईपर्यंत थांबतेस. आधी ब्लँक, मग स्टँडर्ड, मग सॅम्पल. पीक, म्हणजे आलेखावरचं टोक, कितव्या मिनिटाला आला आणि त्याचं क्षेत्रफळ किती, ते बघतेस. आकडा चुकला तर एक रेघ मारून बाजूला सही आणि तारीख, वर गिरवायचं नाही. तीन वर्षं रोज हे केल्यावर ते हाताच्या सवयीत उतरलेलं असतं.

वास्कोला, ड्रिलने खोदून काढलेल्या बर्फाच्या लांब कांड्या उणे 20 अंशांत ठेवलेल्या असतात. थंड खोलीतच त्या कापतात. ड्रिलचा आणि हाताळण्याचा संपर्क आलेला बाहेरचा थर काढून टाकतात, आतला स्वच्छ भाग वितळवतात आणि आयन क्रोमॅटोग्राफवर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, चालवतात. तुझ्या यंत्राचं ते सख्खं भावंड आहे: तसाच पंप, घटक वेगळे करणारा कॉलम निराळ्या जातीचा, पण तसेच पीक. सोडियम आणि क्लोराइड वाढलं की समुद्रावरून आलेलं मीठ. सल्फेटचा पीक एकदम उंच गेला की कुठेतरी मोठा ज्वालामुखी फुटला होता. 1815 साली इंडोनेशियात तांबोरा फुटला, त्याचं सल्फेट अंटार्क्टिकाच्या बर्फात सापडतं आणि त्यावरून त्या थराचं वय पक्कं करता येतं. या कामात घामाच्या थेंबातलं मीठही नमुना बिघडवतं. तिथे ज्या शिस्तीची गरज असते, ती तुझ्या शॉप फ्लोअरवरच्या लोकांना कंटाळवाणी वाटते आणि तू ती रोज पाळतेस.

परिस्थिती मोजायला बसलं की आपण फक्त काय नाही ते मोजतो. पैसा नाही, ओळख नाही, इंग्रजी तेवढं नाही. तूही तेच केलंस. माझी विनंती आहे की आज रात्री वहीचं पान उघडून दुसरा रकाना भर. त्यात एचपीएलसीची तीन वर्षं लिही, बी.एस्सी.ला कोणत्या विषयात हात चांगला होता ते लिही, घरापासून वास्कोपर्यंतची बस लिही, ज्या प्राध्यापकांना तू आठवत असशील त्यांची नावं लिही.

पुढची सगळी वाट आत्ताच दिसत नाही, याची भीती तुझ्या पत्रात ओळींमागे आहे. त्यासाठी आपल्याच मातीतला एक माणूस डोळ्यांसमोर आण. सांखवाळचे धर्मानंद कोसंबी, जन्म 1876. पोर्तुगीज अमदानी, शालेय शिक्षण जेमतेम, घरची बागायत सांभाळायची. 'बालबोधमेवा' नावाच्या मुलांच्या मराठी मासिकात त्यांनी बुद्धाविषयी वाचलं आणि ठरवलं की बुद्धाने काय सांगितलं ते आपण मुळातून शिकायचं. पाली कुठे शिकवतात, ते शिकवणारा कोण, त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांना एवढंच ठाऊक होतं की संस्कृत आलं पाहिजे आणि त्यासाठी पुण्याला गेलं पाहिजे. 1899 मध्ये ते पुण्याला गेले. तिथून ग्वाल्हेर, तिथून काशी. काशीत अन्नछत्रात जेवून शिकले. नेपाळात गेले तर मनात होतं ते तिथे सापडलं नाही. पुढे बुद्धगया, कोलकाता करत श्रीलंकेला पोचले आणि पाली तिथे शिकले, मग ब्रह्मदेशात. 1910 मध्ये ते अमेरिकेत हार्वर्डला बसून पाली ग्रंथाच्या संपादनाचं काम करत होते. सांखवाळच्या त्या घरात बसून त्यांनी परिस्थितीला साजेसं ध्येय ठरवलं असतं, तर ते फार तर दोन माड जास्त लावण्याचं झालं असतं. आणि सगळा नकाशा हातात आल्यावरच निघेन म्हणाले असते, तर पुणंसुद्धा झालं नसतं.

त्यांच्या गोष्टीतला एक भाग मात्र तू घेऊ नकोस. ते निघाले तेव्हा मागे बायको आणि तान्ही मुलगी होती. त्या दोघींनी ती वर्षं कशी काढली, त्याचा हिशेब कौतुक करणारे क्वचितच मांडतात. मला तो भाग वाचताना आजही त्रास होतो. तुझ्या आईच्या गुडघ्यांकडे पाठ फिरवून निघून जा, असं मी कधीच सांगणार नाही. तुला तशी गरजही नाही, आणि ती का नाही ते आता पैशांच्या भाषेत सांगते.

तुझ्या घरी बहुधा असं धरून चालले असतील की अजून शिकायचं म्हणजे आणखी सात-आठ वर्षं घरच्यांच्या जिवावर. तसं नाही. एम.एस्सी.ची दोन वर्षं खर्चाची, ती खरी. त्यानंतर सीएसआयआर-यूजीसीची नेट ही राष्ट्रीय परीक्षा देऊन जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची शिष्यवृत्ती, मिळाली की पहिली दोन वर्षं महिना 37,000 रुपये आणि नंतर 42,000, शिवाय घरभाडे भत्ता. म्हणजे पीएच.डी. करताना तू कमावती असशील, बहुधा आजच्यापेक्षा जास्त. ही परीक्षा वर्षातून दोनदा होते, कठीण असते, हुशार मुलंही पहिल्या खेपेला राहतात. बायकांना वयात 5 वर्षांची सवलत आहे. एम.एस्सी.नंतर लगेच जेआरएफ मिळाली नाही तरी दोनापावलच्या आणि वास्कोच्या संस्था प्रकल्पांवर मुलाखती घेऊन तात्पुरत्या जागा भरतात, तिथे पगार घेत घेत परत परीक्षा देता येते.

तेव्हा अंटार्क्टिका परवडेल का हा प्रश्न तुझ्या घरासमोर नाहीच. बिनपगाराची दोन वर्षं कशी काढायची, एवढाच आहे. हा प्रश्न वाळपईतल्या कुठल्याही घरात बसून, कागद-पेन्सिल घेऊन सोडवता येतो. गोवा विद्यापीठ ताळगावच्या पठारावर, तुझ्या घरून रोज येणं-जाणं दमवणारं असेल, म्हणून वसतिगृहाचा खर्च धर. गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी शैक्षणिक कर्जाची योजना आहे, तुला ती लागू पडते का ते स्वतः जाऊन विचार, ऐकीव माहितीवर जाऊ नकोस. घर चालायला महिन्याला कमीत कमी किती लागतात हा आकडा आईकडून काढून घे. त्यातले बाबा किती आणतात ते वजा कर. उरलेल्याला 24 ने गुण. आकडा मोठा दिसेल, पण तो आकडा असेल. 'जमचें ना' या दोन शब्दांशी वाद घालता येत नाही, आकड्याशी घालता येतो. कदाचित तो सांगेल की अजून वर्षभर नोकरी करून पैसे साठवायला हवेत. मग वर्षभर थांब, त्या वर्षात प्रवेश परीक्षेचा अभ्यास कर. दुसऱ्या शिफ्टहून आल्यावर अभ्यास होत नाही हे मला माहीत आहे, म्हणून जनरल शिफ्टच्या दिवसांवर आणि रविवारावर भिस्त ठेव. थांबण्याची मुदत मात्र कागदावर लिही, महिन्यासकट. मुलींच्या बाबतीत 'अजून थोडे दिवस' म्हणता म्हणता भावाचं शिक्षण, मग त्याची नोकरी, मग घराचं छप्पर असा नंबर लागत जातो आणि तिचा नंबर येतच नाही. हे मी फार घरांत पाहिलं आहे आणि प्रत्येक वेळी मला राग आला आहे.

रसायनशास्त्रात एम.एस्सी. करायची की सागरी विज्ञानात, याचं उत्तर मी देऊ नये. ते तुला त्या क्षेत्रातला माणूस देईल. तुझ्या कॉलेजातल्या एखाद्या जुन्या प्राध्यापकांना भेट. 28 फेब्रुवारीचा विज्ञान दिन, 26 सप्टेंबरचा सीएसआयआरचा स्थापना दिन, अशा दिवसांच्या आसपास या संस्था लोकांसाठी दारं उघडतात, आधी फोन करून विचार आणि जा. बर्फावर काम करणाऱ्या एखाद्या शास्त्रज्ञाला चार ओळींचं पत्र लिही: मी अमुक, तीन वर्षं एचपीएलसीवर काम करते, या विषयात यायचं आहे, कोणती एम.एस्सी. जास्त उपयोगी पडेल. उत्तर आलं नाही तर पंधरा दिवसांनी दुसऱ्याला लिही. अशा पत्रात परिस्थितीचं रडगाणं नको आणि मोठेपणाही नको. ज्या मैत्रिणीने थट्टा केली तिला पटवत बसू नकोस. पण एकट्या स्वतःपाशी ठेवलेली गोष्ट हळूहळू खोटी वाटायला लागते, म्हणून या कामात मदत करू शकतील अशा दोघा-तिघांना नक्की सांग.

मामांचं मन मोडू नकोस, त्यांना काळजी आहे. एलडीसीची जाहिरात निघाली तर फॉर्म भर, परीक्षा दे. पण कोणाच्या शब्दावर मिळणारी जागा असेल तर घेऊ नकोस. आणि सरळ मार्गाने मिळाली तरी माझा कौल लॅब न सोडण्याकडे आहे. टेबलावरच्या फायलींत पाच वर्षं गेली की हाताला बसलेलं काम निघून जातं आणि पगाराची सवय लागते. पगार बरा, वेळ ठरलेली, हे सगळं मान्य करूनही मी हेच म्हणेन. स्थळांचं तर सोपं आहे: पहिल्याच भेटीत सांग की पुढे शिकायचं आहे आणि कधीतरी चार महिने, कधीतरी वर्षभर घराबाहेर राहावं लागेल. ज्याला हे चालत नाही तो तेव्हाच उठून जाईल.

हे सगळं करून तू अंटार्क्टिकाला पोचशीलच अशी हमी मी देत नाही. जागा थोड्या असतात आणि देशभरातून माणसं येतात. पण दहा वर्षांनी तू निदान अशा प्रयोगशाळेत असशील जिथे मांडवीचं पाणी, समुद्राचं पाणी, ध्रुवाचा बर्फ यांतलं काहीतरी तुझ्या हाताखालून जात असेल. पावसाळ्यात खाणीच्या मातीने लाल झालेले ओहोळ बघत तू वाढलीस. पाण्यात काय मिसळलं आहे हे शोधणारी माणसं आपल्या तालुक्यालाही हवी आहेत.

घरी बोलशील तेव्हा एकट्या आईशी बोलू नकोस. रविवारी दुपारी बाबा घरी असताना तो आकड्यांचा कागद घेऊन बस. बाबांना आधी टिपरच्या कर्जाचं विचार, ते कसं फेडलं, कुठे जास्त व्याज गेलं, आज परत कर्ज काढायचं झालं तर ते कोणत्या अटी मान्य करणार नाहीत. त्यांना ते कळतं, आणि तुझ्या शैक्षणिक कर्जाचा कागद वाचायला तुला त्यांच्यापेक्षा चांगला माणूस घरात मिळणार नाही. भावालाही त्याच वेळी समोर बसव. बारावीनंतर त्याला काय करायचं आहे, त्याला किती लागतील आणि तो कधी कमवायला लागेल, हे तुझ्या हिशेबाबरोबरच ठरू दे, कारण तुझी दोन वर्षं आणि त्याची दोन वर्षं एकाच घरातून निघायची आहेत.

तुझी,
ताई